माफियाची उतरंड: सिसिलीच्या टोळीत खालच्या पोरापासून वरच्या 'कमिशन'पर्यंत हुकूम कसा चालायचा?

वाळू माफिया, भूमाफिया, टँकर माफिया... आपल्याकडच्या बातम्यांत हा शब्द रोज येतो. पण मूळ माफिया कुठला, त्यात मोठा कोण, लहान कोण आणि वरचा हुकूम खालपर्यंत कसा पोचायचा, हे फारसं कुणी सांगत नाही.

हा शब्द आला इटली देशातल्या सिसिली बेटावरून. तिथल्या टोळीचे लोक स्वतःला माफिया म्हणत नसत. ते म्हणत 'कोझा नोस्त्रा', म्हणजे 'आपलं काम', 'आपली गोष्ट'. ही टोळी शंभर वर्षांहून जास्त टिकली, कारण तिची पक्की उतरंड होती. वरच्या मडक्याला खालच्याचा आधार, आणि कायद्याचा हात फार तर खालच्या मडक्यापर्यंत पोचायचा. पुढे मात्र हीच उतरंड कोर्टात पुरावा म्हणून उभी राहिली. हे कसं घडलं, ते या लेखात सविस्तर पाहू.

आधी जमीन, मग पाणी

सिसिली हे इटलीच्या दक्षिण टोकाचं बेट. क्षेत्रफळ साधारण २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या बाराव्या हिश्श्याएवढं. पालेर्मो हे तिथलं मुख्य शहर.

शेकडो वर्षं तिथली जमीन सरदार घराण्यांकडे होती. १८१२ मध्ये सरंजामी हक्क कायद्यानं संपले, पण जमीन कसणाऱ्याच्या नावावर झाली नाही. मालक पालेर्मोत राहायचे आणि गावाकडची मोठमोठी शेतं मक्तेदाराला ठोक रकमेवर द्यायचे. या मक्तेदाराला तिथं 'गाबेल्लोतो' म्हणत. तो तीच जमीन तुकडे पाडून गरीब कुळांना बटाईनं लावायचा. मधला मलिदा त्याचा. शेतावर बंदूकवाले राखणदार असायचे, त्यांना 'काम्पिएरे' म्हणत. कुळानं वाटा कमी दिला किंवा तोंड वर करून बोललं, तर राखणदार पुढे यायचा.

१८६० मध्ये सिसिली नव्यानं एक होत असलेल्या इटलीत सामील झाली. नवं सरकार लांब, पोलीस अपुरे, आणि लोकांचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. जनावर चोरीला गेलं तर माणूस ठाण्यात जाण्याऐवजी राखणदाराकडे जायचा. तो दोन दिवसांत जनावर आणून द्यायचा आणि मोबदला घ्यायचा. बऱ्याचदा चोरी करवणारा आणि शोधून देणारा एकच असायचा. भीती त्यांचीच आणि संरक्षणही त्यांचंच, हा धंदा इथून सुरू झाला.

सगळ्यात जास्त पैसा होता पालेर्मोभोवतीच्या लिंबाच्या बागांत. जहाजावरच्या खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून लिंबू लागायचं, त्यामुळे परदेशात मोठी मागणी होती. पण लिंबाची बाग धरायला वर्षं लागतात आणि उन्हाळ्यात पाणी लागतंच. पाण्याची पाळी चुकवली किंवा एका रात्रीत झाडं तोडली, की मालक बसला. त्यामुळे विहिरीचं पाणी सोडणारा, बागेचा राखणदार आणि माल घेणारा दलाल, हे तिघे एक झाले की मालक नावापुरता उरायचा.

याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. गास्पारे गालाती नावाच्या डॉक्टरकडे १८७२ मध्ये पालेर्मोजवळच्या एका लिंबाच्या बागेचा कारभार आला. बागेचा राखणदार मालाच्या विक्रीतून स्वतःचा हिस्सा काढून घ्यायचा आणि बाग तोट्यात घालून स्वस्तात पदरात पाडायचा त्याचा डाव होता. गालातींनी त्याला काढून टाकलं. नव्या राखणदारावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि गालातींना धमकीची पत्रं येऊ लागली. पोलिसांकडे जाऊन उपयोग झाला नाही. शेवटी १८७५ मध्ये ते बायकापोरांना घेऊन नेपल्सला निघून गेले आणि तिथून सरकारला सगळी हकीकत लिहून कळवली. बाग हातची गेली. त्या राखणदाराच्या मागे जवळच्या गावातली टोळी होती.

उतरंड: पायरी पायरीनं

टोळीची रचना लोकांना अर्धवट ठाऊक होती. ती पूर्ण उघड केली १९८४ मध्ये टोळीच्याच तोम्मासो बुशेत्ता या माणसानं. त्यानं कोर्टापुढे मांडलेली उतरंड खालून वर अशी होती.

१. सैनिक, म्हणजे 'मानाचा माणूस'. ही सगळ्यात खालची पायरी, पण इथपर्यंत पोचणंही सोपं नव्हतं. पोराला आधी वर्षानुवर्षं पारखलं जायचं. घरात कुणी पोलिसात किंवा न्यायखात्यात असेल तर प्रवेश नाही. बायकांना प्रवेश नाही.

२. दहांचा म्होरक्या, 'कापोदेचिना'. साधारण दहा सैनिकांवर हा एक. सैनिकाला हुकूम याच्याकडून यायचा आणि त्यानं गोळा केलेला पैसा याच्याच हातून वर जायचा.

३. कुटुंबाचा प्रमुख. एका गावातल्या किंवा शहरातल्या एका भागातल्या टोळीला 'कुटुंब' म्हणत. हे रक्ताचं कुटुंब नव्हे, पण नातीगोती आणि सोयरिकी भरपूर असायच्या. कुटुंबाला नाव त्या गावाचं. प्रमुख सैनिकांच्या मतांनी निवडला जायचा. मदतीला त्यानं नेमलेला एक उपप्रमुख असायचा.

४. सल्लागार, 'कोन्सिल्येरे'. एका कुटुंबात एक ते तीन. हेही निवडून यायचे. प्रमुख मनाला येईल तसं वागू लागला तर त्याला आवरणं हे यांचं काम.

५. मांदामेंतो. शेजारशेजारची साधारण तीन कुटुंबं मिळून एक मांदामेंतो. त्याचा एक प्रमुख. गावावर जसं मंडळ, तसं हे समजावं.

६. कमिशन. इथं कमिशन म्हणजे दलाली नव्हे, तर मांदामेंतोच्या प्रमुखांचं मंडळ. पालेर्मो जिल्ह्याचं हे सगळ्यात वरचं पंचमंडळ. वर्तमानपत्रांनी त्याला 'कूपोला', म्हणजे घुमट, असं नाव दिलं.

७. १९७५ च्या सुमारास याच्याही वर सगळ्या बेटासाठी एक मंडळ झालं. त्यात वेगवेगळ्या जिल्ह्यांचे प्रतिनिधी बसत. पण खरी ताकद पालेर्मोच्या कमिशनकडेच राहिली.

शपथ आणि नियम

नव्या माणसाला दोन-तीन जुन्या माणसांसमोर उभं करत. त्याच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब संताच्या चित्रावर लावत. मग ते चित्र त्याच्याच तळहातावर पेटवत. 'गद्दारी केली तर माझं अंग या चित्रासारखं जळो', अशा अर्थाची शपथ तो घ्यायचा. एकदा आत गेलेला बाहेर येत नसे. मरण हाच बाहेरचा रस्ता.

नियम साधे पण कडक होते. दोन सदस्य एकमेकांना आपली ओळख स्वतः सांगू शकत नसत. दोघांनाही ओळखणारा तिसरा सदस्य मध्ये हवा. त्यामुळे पोलिसांचा माणूस सदस्य असल्याची बतावणी करून आत घुसू शकत नव्हता. सदस्यांनी आपसात खरंच बोलायचं. दुसऱ्याच्या कामाची चौकशी करायची नाही. पोलिसांना काहीही सांगायचं नाही. या मौनाला 'ओमेर्ता' म्हणतात. गावातल्या सामान्य माणसानंही ते पाळावं असा दंडक होता. गोळी समोर झाडली गेली तरी रस्त्यावर कुणी काही पाहिलेलं नसायचं.

या उतरंडीचा फायदा कुणाला? वरच्याला. हुकूम तोंडी खाली यायचा, पैसा वर जायचा. सैनिक पकडला गेला तरी त्याला जास्तीत जास्त आपला म्होरक्या माहीत असायचा. खुनाच्या जागी प्रमुख कधीच नसायचा. त्याच्या हाताला ना रक्त, ना सही. गावात तो सज्जन म्हणून वावरायचा. लग्नात, चर्चच्या उत्सवात, निवडणुकीत पुढच्या खुर्चीवर बसायचा.

कमाईची मुख्य वाट म्हणजे खंडणी. तिला तिथं 'पित्सो' म्हणतात. दुकानदार, बागवाला, ठेकेदार, प्रत्येकानं हप्ता द्यायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यात सिगारेटची तस्करी, पालेर्मोतली बांधकामं, सरकारी ठेके आणि १९७० नंतर हेरॉईन आलं. हेरॉईनच्या पैशानं सगळी गणितं बदलली.

कमिशन कशासाठी आलं?

१९५० च्या दशकाच्या शेवटापर्यंत प्रत्येक कुटुंब आपापल्या गावात राजा होतं. एकमेकांत भांडणं झाली की खून पडायचे, पोलीस यायचे आणि सगळ्यांचाच धंदा बसायचा. त्याच काळात अमेरिकेत गेलेले सिसिलीचे माफियावाले येऊन-जाऊन होते. तिकडे न्यूयॉर्कच्या टोळ्यांनी १९३१ पासून असं मंडळ चालवलं होतं. त्याच धर्तीवर पालेर्मोतही कमिशन तयार झालं.

कमिशनची कामं ठरलेली होती. दोन कुटुंबांतला वाद मिटवणं, नियम मोडणाऱ्या प्रमुखाला बाजूला करून त्या जागी तात्पुरता माणूस नेमणं, आणि मोठ्या खुनांना परवानगी देणं. पोलीस अधिकारी, न्यायाधीश, पुढारी, पत्रकार यांच्यापैकी कुणाला मारायचं असेल तर कमिशनचा होकार हवा. टोळीच्या सदस्याला मारायचं असेल तरीही हवा.

सगळी सत्ता एका हातात जाऊ नये याचीही काळजी आधी घेतली होती. बुशेत्तानं सांगितलं की सुरुवातीला कमिशनवर फक्त साधे सैनिक बसतील, कुटुंबाचे प्रमुख नाहीत, असं ठरलं होतं. पण काही कुटुंबांनी विरोध केला आणि तो नियम लगेच गुंडाळला गेला. प्रमुखच कमिशनवर बसले. पुढच्या रक्तपाताचं बीज इथंच पडलं.

१९६२-६३ मध्ये टोळ्यांत पहिलं मोठं युद्ध झालं. ३० जून १९६३ रोजी पालेर्मोजवळ चाकुल्ली इथं गाडीत ठेवलेल्या बाँबनं पोलीस आणि लष्कराची ७ माणसं गेली. सरकारनं धरपकड केली आणि कमिशन मोडलं. पण खटल्यांचं काय झालं? १९६९ मध्ये बारी शहराच्या कोर्टात कोर्लेओने गावचे ६४ आरोपी होते. सगळे सुटले. प्रत्येक खून सुटा सुटा तपासला जायचा, साक्षीदार उलटायचे आणि 'पुरेसा पुरावा नाही' यावर खटला संपायचा. उतरंड कोर्टासमोर कधी आलीच नाही.

कोर्लेओने: शेतकऱ्यांचं गाव, टोळीचं गाव

पालेर्मोच्या दक्षिणेला डोंगरातलं कोर्लेओने हे गव्हाचं गाव. इथला माफिया प्रमुख मिकेले नावार्रा हा पेशानं डॉक्टर. त्याच्या हाताखाली लुचानो लेज्जो नावाचा तरुण. लेज्जो मोठ्या शेतावरचा बंदूकवाला राखणदार.

दुसऱ्या महायुद्धानंतर पडीक जमीन शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कसायला मिळावी असा कायदा झाला. कागदावर कायदा होता, पण शेतावर राखणदार होता. कोर्लेओनेत प्लाचिदो रित्सोत्तो हा कामगार-शेतकरी संघटनेचा चिटणीस भूमिहीनांना घेऊन जमिनीवर उतरला. १० मार्च १९४८ च्या संध्याकाळी त्याला गावातून उचलून नेलं आणि मारून डोंगरातल्या खोल कपारीत टाकलं. तो तेव्हा ३४ वर्षांचा होता.

जुझेप्पे लेतित्सिया या मेंढपाळाच्या १३ वर्षांच्या पोरानं त्या रात्री खून पाहिला, असं सांगतात. तापानं बडबडणाऱ्या त्या पोराला गावच्या रुग्णालयात नेलं. रुग्णालयाचा प्रमुख नावार्रा. पोरगा तिथंच मेला.

तपास केला कार्लो आल्बेर्तो दाल्ला किएझा या तरुण पोलीस कप्तानानं. दोघांनी कबुली देऊन लेज्जोचं नाव घेतलं. कोर्टात दोघांनी जबाब फिरवला आणि आरोपी सुटले. रित्सोत्तोच्या जागी संघटनेनं पाठवलं पिओ ला तोर्रे या गरीब शेतकऱ्याच्या पोराला. कप्तान दाल्ला किएझा आणि ला तोर्रे, ही दोन नावं लक्षात ठेवावीत.

१९५८ मध्ये लेज्जोनं आपल्याच प्रमुखाला, डॉक्टर नावार्राला, रस्त्यात गोळ्या घालून मारलं आणि कोर्लेओनेचं कुटुंब ताब्यात घेतलं. १९७४ मध्ये लेज्जो पकडला गेला. त्याच्या मागून आला साल्वातोरे रिइना, घरच्यांचा 'तोतो'. तोही कोर्लेओनेच्या शेतकऱ्याचा पोरगा, बुटका, शाळा जेमतेम झालेली. १९६९ पासून फरार.

आतून पोखरलेली उतरंड

१९७० च्या दशकात कमिशन पुन्हा उभं राहिलं. पालेर्मोच्या बड्या टोळ्यांकडे पैसा, राजकारणी ओळखी, बंगले. कोर्लेओनेवाल्यांना ते खेडवळ समजत. रिइनानं या हेटाळणीचा फायदा घेतला.

त्याची पद्धत अशी. कुटुंबात नवा माणूस घेतला की त्याचं नाव इतर कुटुंबांना कळवायचं, असा नियम होता. कोर्लेओनेवाले नावं कळवत नसत. त्यांची माणसं किती आणि कोण, हे इतरांना कळायचं नाही. त्याच वेळी रिइना दुसऱ्यांच्या कुटुंबांतले नाराज उपप्रमुख आणि म्होरके फोडायचा. कमिशनचा प्रमुख गाएतानो बादालामेंती याला १९७८ मध्ये हाकलून लावण्यात आलं. त्या जागी मिकेले ग्रेको आला. लोक त्याला 'पोप' म्हणत. नाव ग्रेकोचं, हुकूम रिइनाचा.

२३ एप्रिल १९८१ रोजी पालेर्मोचा मोठा प्रमुख स्तेफानो बोंताते मारला गेला. ११ मे रोजी साल्वातोरे इंझेरिल्लो. पुढच्या दोन वर्षांत शेकडो माणसं मेली. हे समोरासमोरचं युद्ध नव्हतंच. बऱ्याच जणांना त्यांच्याच कुटुंबातल्या माणसानं जेवायला किंवा बैठकीला बोलावून संपवलं. वादात न पडलेले भाऊ, मेहुणे, पोरं यांनाही सोडलं नाही.

उतरंड दिसायला तशीच राहिली. कुटुंबं, मांदामेंतो, कमिशन, सगळं जागच्या जागी. पण निवडणूक गेली, सल्लागाराचा धाक गेला. कमिशनवर रिइनाचीच माणसं बसली. पंचमंडळ संपून एका माणसाची हुकूमशाही आली.

दोन खून आणि एक कायदा

पिओ ला तोर्रे तोपर्यंत खासदार झाला होता. त्यानं कायद्याचा मसुदा आणला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, माफिया टोळीचा सदस्य असणं हाच गुन्हा धरायचा. दोन, टोळीच्या पैशातून घेतलेली जमीन, घरं, धंदे जप्त करायचे. आपल्याकडे १९९९ मध्ये आलेल्या 'मकोका'तही टोळीचा सदस्य असणं हा वेगळा गुन्हा आहे.

३० एप्रिल १९८२ रोजी पालेर्मोत ला तोर्रेला गोळ्या घातल्या. त्याच सुमारास रित्सोत्तोच्या खुनाचा तपास केलेला तो जुना कप्तान दाल्ला किएझा, आता जनरल, पालेर्मोचा सर्वोच्च सरकारी अधिकारी म्हणून आला. ३ सप्टेंबर १९८२ रोजी त्याला पत्नीसह गाडीत मारलं. देश हादरला आणि दहाच दिवसांत ला तोर्रेचा कायदा मंजूर झाला.

बुशेत्ता बोलला आणि उतरंडच पुरावा झाली

तोम्मासो बुशेत्ता हा जुना, वजनदार माणूस, पण पदानं साधा सैनिक. तो ब्राझीलमध्ये लपला होता. रिइनाच्या माणसांनी त्याचे दोन मुलगे गायब केले, भाऊ, भाचा, जावई मारला. १९८३ मध्ये तो पकडला गेला आणि जुलै १९८४ मध्ये इटलीला आणला गेला. जोव्हान्नी फाल्कोने या तपास न्यायाधीशासमोर त्यानं बोलायला सुरुवात केली. त्याचं म्हणणं असं होतं की गद्दार मी नाही, नियम मोडून टोळीचा घात रिइनानं केला.

त्यानं फक्त नावं दिली नाहीत. आख्खी उतरंड समजावून सांगितली. कोण कुणाच्या वर, हुकूम कसा निघतो, परवानगी कुणाची लागते. फाल्कोनेनं त्यातून एक गोष्ट उचलली. कमिशनच्या होकाराशिवाय मोठा खून होत नाही, असा टोळीचाच नियम असेल, तर प्रत्येक मोठ्या खुनाला कमिशनवर बसलेला प्रत्येक माणूस जबाबदार. त्यानं बंदूक हातात धरली नसली तरी. ज्या उतरंडीनं प्रमुखाला शंभर वर्षं वाचवलं, तीच आता त्याला खुनाशी जोडत होती.

सप्टेंबर १९८४ अखेर ३६६ जणांवर अटक वॉरंट निघाली. १० फेब्रुवारी १९८६ रोजी पालेर्मोच्या तुरुंगाला लागून खास बांधलेल्या कोर्टात खटला सुरू झाला. सुमारे ४७५ आरोपी, पिंजऱ्यांत बसवलेले. १६ डिसेंबर १९८७ रोजी निकाल लागला. ३०० हून अधिक जण दोषी ठरले, १९ जणांना जन्मठेप झाली आणि ११४ जण सुटले. जन्मठेपेत मिकेले ग्रेको होता, आणि फरार रिइनाही.

वरच्या कोर्टात सगळं फिरेल, नेहमीसारखं, असं टोळीला वाटत होतं. पण ३० जानेवारी १९९२ रोजी इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल कायम ठेवला. कमिशनची जबाबदारीही मान्य केली.

सूड आणि शेवट

रिइनानं सूड घेतला. २३ मे १९९२ रोजी कापाची गावाजवळ महामार्गाखाली सुमारे ५०० किलो स्फोटकं उडवून फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन अंगरक्षकांना मारलं. १९ जुलैला त्यांचे सहकारी न्यायाधीश पाओलो बोर्सेलिनो आणि त्यांचे पाच अंगरक्षक गेले.

पण या वेळी लोक घरात बसले नाहीत. पालेर्मोच्या घरांच्या गॅलऱ्यांवर निषेधाच्या चादरी लटकल्या. टोळीतलेही बरेच जण एकामागून एक बोलू लागले. १५ जानेवारी १९९३ रोजी रिइना पकडला गेला, तोही पालेर्मोतच. २३ वर्षांहून जास्त काळ फरार असूनही तो बायकापोरांसह तिथंच राहत होता. दाखवून देणारा त्याचाच जुना माणूस होता. रिइना २०१७ मध्ये कैदेतच मेला.

त्याच्यानंतर बेर्नार्दो प्रोव्हेंझानो आला, तोही कोर्लेओनेचा. त्यानं बाँब बंद केले, आवाज न करता धंदा चालवला. फोन वापरायचा नाही. टाइप केलेल्या छोट्या चिठ्ठ्या हातोहात पाठवायच्या. ४३ वर्षं फरार राहिल्यावर ११ एप्रिल २००६ रोजी तो कोर्लेओनेजवळच्या शेतातल्या खोपटात सापडला. घरून येणाऱ्या धुतलेल्या कपड्यांच्या गाठोड्याच्या मागावर पोलीस गेले होते. त्या पिढीतला शेवटचा मोठा फरार मात्तेओ मेस्सिना देनारो १६ जानेवारी २०२३ रोजी पालेर्मोतल्या दवाखान्यात पकडला गेला आणि त्याच वर्षी मेला.

माफिया संपला का? नाही. खंडणी आजही घेतली जाते, जुनी कुटुंबं आजही आहेत. रिइनाच्या अटकेनंतर कमिशन पूर्वीसारखं बसलं नाही. ते पुन्हा उभं करायचा प्रयत्न झाला, तेव्हा पोलिसांनी तो वेळेत मोडला.

जमीन परत आली

ला तोर्रेच्या कायद्यानं जमिनी जप्त झाल्या, पण बऱ्याच वर्षानुवर्षं पडून राहिल्या. टोळीच्या भीतीनं त्या घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं. मग दहा लाख सह्यांची मोहीम झाली आणि मार्च १९९६ मध्ये नवा कायदा आला. जप्त मालमत्ता समाजाच्या कामाला वापरायची. कोर्लेओनेत रिइनाच्या जप्त घरात शेतकी शाळा भरली. २००१ मध्ये माफिया प्रमुखांकडून काढून घेतलेल्या जमिनीवर तरुणांची एक सहकारी संस्था उभी राहिली. ती गहू पिकवते, त्याचा पास्ता करून विकते. तिचं नाव ठेवलं 'प्लाचिदो रित्सोत्तो'.

रित्सोत्तोचे अवशेष २००९ मध्ये डोंगरातल्या कपारीत सापडले. २०१२ मध्ये डीएनए तपासणीनं ओळख पटली. २४ मे २०१२ रोजी, म्हणजे खुनानंतर ६४ वर्षांनी, कोर्लेओनेत त्याच्यावर सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. देशाचे राष्ट्रपती हजर होते. ज्या जमिनीसाठी तो गेला, तिच्यातली काही जमीन तोवर त्याच्याच नावाच्या संस्थेच्या नांगराखाली आली होती.